मालकाची झोप कशाने उडते?

इंटरव्ह्यूला येणाऱ्या मुलांचे बायोडेटा मी आदल्या रात्री घरी वाचते. भोसरीतल्या एका प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या कारखान्यात, प्रॉडक्शन माझ्याकडे आहे, त्यामुळे माणसं निवडताना टेबलाच्या या बाजूला एक खुर्ची माझी असते. बायोडेटा बहुतेक चांगलेच असतात. सॉलिडवर्क्स येतं, सीएनसी प्रोग्रॅमिंग येतं, सिक्स सिग्माचा ग्रीन बेल्ट झालाय, एक्सेलमध्ये हात बसलेला आहे. वाचून झालं की मात्र दरवेळी एक गोष्ट खटकते. कागदावर मुलगा पुरता दिसतो, पण ज्या कारखान्यात तो काम मागायला येतोय तो कारखाना त्यात कुठेच दिसत नाही. तोच कागद चाकणला दिला, रांजणगावला दिला, थेट नाशिकच्या अंबडला दिला, तरी त्यातलं एक अक्षर बदलावं लागणार नाही.

यात मी मुलांना बोल लावत नाही. कॉलेजात विषय शिकवतात, परीक्षा विषयाची होते, मार्क विषयाचे मिळतात. कारखाना पैसे कुठे मिळवतो आणि कुठे घालवतो, हे शिकवणारा तास कुठल्याच वेळापत्रकात नसतो. त्यामुळे 'मला काय येतं' याची यादी पाठ असते आणि 'यांचं काय अडलंय' हा प्रश्नच मनात येत नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात टूलरूममध्ये एक ज्येष्ठ फोरमन होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. नवीन माणूस आला की ते त्याला मशीन दाखवायच्या आधी एक प्रश्न विचारायचे, "आपल्या मालकाची झोप कशानं उडते, सांग बरं?" उत्तर आलं नाही तरी रागवायचे नाहीत. "महिनाभर बघ, मग सांग," म्हणायचे. इतक्या वर्षांत मी कामाबद्दल जे काही शिकले, त्यातलं निम्मंअधिक या एका प्रश्नातून निघालंय.

एकच कौशल्य घेते, म्हणजे मुद्दा हवेत राहणार नाही. आमच्या धंद्यात 'सेटिंग' नावाचं काम असतं. पॉवर प्रेसवरचा एक जॉब संपला की जुनी डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) उतरवायची, नवी चढवायची, क्लॅम्प आवळायचे, शट हाइट (प्रेस पूर्ण खाली आल्यावर मध्ये उरणारी उंची) लावायची, पहिला पीस काढून क्वालिटीकडून पास करून घ्यायचा आणि मग प्रॉडक्शन चालू. यात दोन तास सहज जातात. त्या दोन तासांत प्रेस नुसता उभा असतो. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी टोयोटाच्या एक हजार टनी प्रेसवर हे काम चार तासांवरून आधी दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणलं. त्यांची रीत आता जगभर शिकवली जाते. मशीन बंद असतानाच करावं लागतं ते कुठलं आणि चालू असताना आधी उरकून ठेवता येतं ते कुठलं, हे वेगळं काढायचं. पुढची डाय, बोल्ट, पाने, गेज आधीच ट्रॉलीवर तयार ठेवायचे. सगळ्या डायच्या बेसची उंची सारखी करून घ्यायची, म्हणजे दरवेळी शट हाइट शोधत बसावं लागत नाही. हे ज्याला मनापासून जमतं तो हिरा माणूस.

आता हा हिरा तीन मालकांकडे गेला असं समजा.

पहिल्याकडे ऑर्डरी तुंबल्या आहेत. गिऱ्हाईक रोज फोन करतंय, दोन पाळ्या कमी पडताहेत, नवा प्रेस घ्यावा का म्हणून बँकेत खेटे चालू आहेत. त्याला सांगायचं, "साहेब, रोज दोन सेटिंग होतात. प्रत्येकी दीड तास वाचवला तर दिवसाला तीन तासांचा प्रेस तुम्हाला फुकट मिळतो." तो खुर्ची ओढून जवळ बसेल.

दुसऱ्याकडे काम बेताचंच आहे, प्रेस अर्धा दिवस मोकळाच असतो. तीन तासांचं गणित त्याच्या कानावरून जाईल. त्याची झोप उडालीय ती पैशानं. पत्र्याचे पैसे आगाऊ द्यावे लागतात, मालाचे पैसे उशिरा येतात. लहान उद्योगांची बिलं जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावीत असं 2006 चा कायदा सांगतो, आणि 1 एप्रिल 2024 पासून आयकराच्या एका तरतुदीने त्यामागे थोडी जरब आणलीय. मुदत उलटली आणि वर्ष संपेपर्यंत पैसे दिलेच नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. तरीही ओव्हरड्राफ्ट कायम टोकाला टेकलेला. अशा माणसाला सांगायचं, "सेटिंगला दोन तास लागतात म्हणून तुम्ही एका डायवर दहा हजार पीस काढून ठेवता. सेटिंग अर्ध्या तासात झालं तर अडीच हजारांचीच बॅच काढायची. गोदामात पडून राहणारा माल चौथाईवर येईल, तेवढा पैसा मोकळा होईल." कौशल्य तेच, हातही तेच, पण या घरी त्याचं मोल वेगळ्याच खात्यात जमा होतं.

तिसऱ्याचा माल परत येतोय. ऑटोमोबाईल कंपनीच्या लाइनवर भोक जुळलं नाही, लाइन थांबली, रात्री माणसं पाठवून हजारो पीस हातानं निवडावे लागले. त्याच्यापुढे वेळ वाचवण्याची भाषा काढलीत तर तो वैतागेल, कारण घाईनंच घात झाला असं त्याच्या मनात पक्कं बसलंय. त्याला हवी असते खात्री. त्याच सेटिंगच्या अभ्यासातून डाय नेमक्या जागी बसवणाऱ्या लोकेटिंग पिनांची जागा ठरते, शट हाइटची नोंद डायवरच कोरली जाते, पाळी बदलली, सेटर बदलला तरी पहिला पीस तोच येतो. त्याच्यापुढे हे बोलायचं आणि मिनिटांचा उल्लेखही करायचा नाही.

तिघांनाही खरंच सांगितलं, तिघांनाही वेगळं सांगितलं. हे समजायला मला बरीच वर्षं लागली, कारण आपल्याकडे 'समोरच्याला हवं ते बोलणं' याला लगेच लाळघोटेपणाचा वास येतो. गुणी माणसाला स्वतःचं काम स्वतः सांगायची लाज वाटते. कामच बोलेल, असं आपण म्हणतो. पण काम बोलतं ते कामाच्या भाषेत. मालक ऐकतो पैशाच्या, तारखेच्या, गिऱ्हाइकाच्या भाषेत. मधला दुभाषा आपल्यालाच व्हावं लागतं, आणि त्यात कमीपणा तर नाहीच, उलट आपल्या कामाची ती अर्धी जबाबदारी आहे असं मला मनापासून वाटतं.

मेंटेनन्सच्या माणसांना हे सगळ्यात जास्त सोसावं लागतं. काम चांगलं झालं तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडण्याचं इन्क्रिमेंट कोण देणार? आमच्याकडे हवेच्या लाइन सगळ्या शॉपभर फिरतात. फिटिंगमधून हवा गळते, तिचा सूं असा आवाज दिवसभरात कानाला सवयीचा होऊन जातो. कारखान्यांत कॉम्प्रेसरच्या हवेपैकी 20 ते 30 टक्के अशी गळून जाणं ही नेहमीची गोष्ट. एका मेंटेनन्सच्या मुलानं रविवारी, सगळी मशीनं बंद असताना, साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन लाइन तपासली आणि जिथे फुगे आले तिथे लाल पट्टी बांधली. इथवर बरेच जण करतात. त्यानं पुढे हिशेब मांडला. सात बार दाबाच्या लाइनला 3 मिलिमीटरचं एक भोक म्हणजे कॉम्प्रेसरवर साधारण तीन किलोवॅटचा फुकटचा भार. तीन पाळ्या, वर्षाचे 300 दिवस, म्हणजे 21,600 युनिट. युनिटला नऊ रुपये धरले तर एका भोकाचे 1,94,400 रुपये. त्यानं मीटिंगला जाताना कागदावर फक्त लाल पट्ट्यांची संख्या आणि शेवटची रक्कम लिहून नेली. 'प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स शेड्यूल' हा शब्दही काढला नाही. तोवर ज्यांना फिटिंगचे चार डबे मागितले तर सह्यांसाठी आठवडा लागायचा, त्यांनी त्याच दुपारी खरेदीचा पीओ काढला.

मग प्रश्न येतो, बाहेरच्याला हे कळणार कसं? अजून नोकरी लागलेलीच नाही, तर त्यांची झोप कशानं उडते हे कुठून शोधायचं?

रिसेप्शनमधल्या भिंतीवरची पाटी बघून तर अजिबात नाही. 'ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय' ही पाटी सगळीकडे असते आणि ती मनापासूनच लावलेली असते, पण तिच्यावरून काही ठरत नाही. पैसा आणि वेळ कुठे जातोय ते बघायचं. गेल्या वर्षभरात आलेलं सगळ्यात नवं मशीन कुठल्या विभागात आहे? शॉपमधून फिरवून आणलं तर लाल रंगाची रिजेक्शनची पेटी रिकामी आहे की ओसंडतेय? तयार माल पॅक होऊन गाडीची वाट बघतोय, की गाडी उभी आहे आणि माल तयार नाही? सकाळच्या मीटिंगमध्ये पहिला विषय कुठला असतो, हे तर सरळ विचारावं. इंटरव्ह्यूच्या शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का?' म्हणतात तेव्हा नव्वद टक्के मुलं मान हलवून नाही म्हणतात किंवा सुट्ट्यांचं विचारतात. सकाळच्या मीटिंगचा पहिला विषय विचारला की समोरचा माणूस क्षणभर थांबतो, आणि मग जे बोलतो ते बहुतेक वेळा खरं असतं.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचं तर आणखी सोपं आहे. त्यांचा वार्षिक अहवाल वेबसाइटवर कुणालाही वाचता येतो. त्यातला 'व्यवस्थापनाचं विश्लेषण' हा भाग कंटाळवाणा दिसतो, पण धंद्याला कुठला धोका वाटतो हे तिथे कंपनीनं स्वतःच लिहिलेलं असतं. लहान कारखान्याचा असा अहवाल मिळत नाही. तिथे मी मुलांना एक युक्ती सांगते. त्या कारखान्याचं मोठं गिऱ्हाईक कोण ते शोधा आणि त्या गिऱ्हाइकाचा अहवाल वाचा. गिऱ्हाइकाला जिथे खरचटलं, तिथे सप्लायरला वर्षभरात जखम होणारच.

ही चिंता कायमची एकच राहत नाही, हेही ध्यानात ठेवावं लागतं. 1 एप्रिल 2020 पासून देशात गाड्यांच्या धुराचं बीएस-6 हे कडक मानक आलं, तेव्हा एक्झॉस्टचे भाग करणाऱ्यांना रातोरात नवी मापं, नवे मटेरियल शिकावे लागले. आता त्याच लोकांसमोर इलेक्ट्रिक स्कूटर उभी आहे, आणि तिला सायलेन्सरच नसतो. उलटंही होतं. युरोपियन युनियननं आयात मालावरच्या कार्बनचा हिशेब मागायला 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरुवात केली आणि 1 जानेवारी 2026 पासून त्याचे पैसे मोजावे लागायचा टप्पा सुरू झाला. त्या यादीत लोखंड-पोलाद आहे, अॅल्युमिनियम आहे, अगदी पोलादी नटबोल्टही आहेत. कुठल्या भट्टीवर किती वीज लागली याची वही कुणी सांगितलं नसताना वर्षानुवर्षं नीट लिहिणारा मेंटेनन्सचा माणूस तिथे एकदम एक्स्पोर्टच्या मीटिंगला बसू लागला. त्याचं कौशल्य आधी होतं तेच. कंपनीची गरज चालत त्याच्यापर्यंत आली. म्हणून ज्याला आज गिऱ्हाईक नाही असं कौशल्यही टाकून देऊ नये, हातचं राखून ठेवावं.

या विषयावर विचार करताना मला लक्ष्मणराव किर्लोस्कर हमखास आठवतात. त्यांची गोष्ट उद्योजकाची म्हणून सांगतात, पण मला ती कौशल्याला जागा सापडण्याची गोष्ट वाटते. 1869 चा जन्म. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये गेले आणि डोळ्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत असं लक्षात आलं. हात तर रेषेचा होता. मग तो हात यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळवला, व्हीजेटीआय या तांत्रिक शिक्षणसंस्थेत शिकवलं, पुढे बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. ही सगळी कौशल्यं एका जागी आली ती कडबा कापायच्या यंत्रात आणि लोखंडी नांगरात. नांगर केला तर शेतकरी घेईनात. लोखंडानं जमीन विषारी होते अशी समजूत होती. म्हणजे ड्रॉइंग उत्तम, ओतकाम उत्तम, आणि गिऱ्हाइकाची भीती भलतीचकडे. त्या भीतीला उत्तर मिळेपर्यंत नांगराला किंमत नव्हती. 1910 मध्ये औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी दिलेल्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तिथे रात्रीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी गुन्हेगारीचा शिक्का बसलेली माणसं नेमली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थबकले होते. रात्र जागून काढणं, अंधारात चाहूल ओळखणं, चोर कुठल्या वाटेनं येईल याचा अंदाज, हे गुण जगाच्या लेखी दोष होते. ओसाड माळावरच्या कारखान्याला नेमके तेच हवे होते. ही जुळणी तिथे मालकानं केली. आज एवढी नजर असलेला मालक मिळेलच असं नाही, म्हणून निम्मं काम आपण करून न्यावं.

इतकं सगळं म्हटल्यावर एक गोष्ट ठासून सांगायला हवी. मालकाची प्राथमिकता ओळखणं वेगळं आणि तिच्यापुढे मान तुकवणं वेगळं. पॉवर प्रेसवर दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोक पडत नाही. हात डायखाली राहू नये म्हणून ही सोय असते. काही ठिकाणी समोर लाइट कर्टनही असतो, हात आत गेला की प्रेस थांबतो. पूर्वी एका कारखान्यात मी पाहिलं, महिनाअखेरीला प्रॉडक्शन वाढावं म्हणून एक बटण पॅकिंगच्या टेपनं कायमचं दाबून ठेवलेलं. तिथली प्राथमिकता एकदम स्पष्ट होती आणि तिच्याशी जुळणारं कौशल्यही शॉपमध्ये हजर होतं. असल्या ठिकाणी जुळवून घ्यायचं नाही. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्याचं कलम 21 यंत्राच्या धोक्याच्या भागाला संरक्षण असलंच पाहिजे म्हणायचं, पण कायदा नसता तरी माझं मत हेच राहिलं असतं. बोटं परत येत नाहीत. मी शिकाऊ मुलांना सांगते, तुमचं कौशल्य पाहिजे त्या गरजेला जोडा, पण माणसाच्या अंगावर येणाऱ्या गरजेला नाही. तिथून दुसरी नोकरी शोधत बाहेर पडलात तर माझा फोन नंबर द्या, मी तुमच्याबद्दल चांगलंच बोलेन.

आणि काही वेळा जुळतच नाही, दोघांचंही काही चुकलेलं नसतं. ज्याला सूक्ष्म मापांचं वेड आहे त्याला रोज वीस टन ब्रॅकेट काढणाऱ्या शॉपमध्ये गुदमरायला होतं. तिथं राहून झुरण्यापेक्षा गेज करणाऱ्या कारखान्यात जावं. यावर फार लिहिण्यासारखं नाही.

माझ्या मैत्रिणीच्या मुलीचं मात्र लिहिते. ती स्टॅटिस्टिक्स शिकली, पायथन उत्तम येतं, आणि आईवडील कोल्हापुरात एकटे म्हणून तिला पुण्या-बंगळुरूला जायचं नव्हतं. कोल्हापुरात आयटी कमी, धातू ओतून भाग करणाऱ्या फौंड्र्या भरपूर. एका फौंड्रीत ओळखीनं भेट ठरली तेव्हा ती मला म्हणाली, "मावशी, तिथे मी काय सांगू? त्यांना मशीन लर्निंग कळणार नाही."

मी म्हटलं, "तू काहीच सांगू नकोस. त्यांचा माल किती परत जातो आणि का जातो, एवढं विचार."

तिनं विचारलं. मालक पन्नाशीचे, सरळ बोलणारे. म्हणाले, "पोरी, ब्लो होलनं जीव खाल्लाय बघ. वरून कास्टिंग झकास दिसतंय, मशीनिंगला घेतलं की आत भोक. तोवर आमचं ओतलेलं, घासलेलं, वाहतुकीचं, सगळं गेलं." तिनं लॅपटॉप उघडलाच नाही. मागच्या तीन महिन्यांची हीटची, म्हणजे धातूच्या ओतणीची, रजिस्टरं मागितली. काळी पडलेली, वाळूनं खरखरीत झालेली वह्यांची पानं, प्रत्येक ओतणीचा हीट नंबर, वेळ, तापमान, वाळूचा ओलावा, कुणाची तरी सही. रिजेक्शनचं रजिस्टर वेगळ्या खोलीत, वेगळ्या माणसाकडे. ही दोन्ही रजिस्टरं शेजारी ठेवून कधी कुणी वाचली नव्हती. एक लिहायचा मेल्टिंगवाला, दुसरं क्वालिटीवाला, आणि दोघांची जेवायची सुट्टीसुद्धा वेगळी.

पंधरा दिवस तिनं घरी बसून ती पानं संगणकात उतरवली. मॉडेल वगैरे काही बनवायची वेळच आली नाही. नुसतं तासांप्रमाणे मांडल्यावर दिसलं, की सकाळी रिजेक्शन कमी असतं आणि दुसऱ्या पाळीच्या उत्तरार्धात चढत जातं. तिला कारण माहीत नव्हतं. तिनं तो आलेख मोल्डिंगच्या, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्या, मिस्त्रींना दाखवला. त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. वाळू फिरून फिरून परत येते, संध्याकाळपर्यंत ती गार व्हायला सवडच मिळत नाही. गरम वाळूत पाणी किती घालावं याचा अंदाज चुकतो, हाताला कोरडी लागते म्हणून जास्त पडतं आणि तोच ओलावा पुढे वाफ होऊन धातूत शिरतो. मिस्त्रींना हे वर्षानुवर्षं ठाऊक होतं. त्यांच्याकडे आकडा नव्हता. मुलीकडे आकडा होता, कारण नव्हतं. दोघं मिळून मालकांकडे गेले. मुलीनं तिथे रिजेक्शनची टक्केवारी सांगितली नाही, संध्याकाळच्या वाया गेलेल्या कास्टिंगचे महिन्याचे रुपये सांगितले, आणि वाळू गार करायच्या यंत्राची किंमत शेजारी लिहिली.

तिला नोकरी लागली, पण तिथे अॅनालिस्टचं पदच नव्हतं. अपॉइंटमेंट लेटरवर काय लिहायचं यावर ऑफिसात दोन दिवस खल झाला आणि शेवटी 'क्वालिटी असिस्टंट' लिहिलं. तिनं ते घेतलं आणि एक अट घातली, की दोन्ही रजिस्टरं यापुढे एकाच टेबलावर राहतील. परवा तिचा फोन आला होता. आता ती इंडक्शन फर्नेसच्या वीजबिलात शिरलीय, कारण विजेचा दर दिवसाच्या वेळेनुसार बदलतो आणि भट्टी कधी लावायची हे अजून सवयीनं ठरतं. मला विचारत होती, "मावशी, मेल्टिंगवाल्यांची पाळी बदलायची म्हटलं तर ते ऐकतील का?" मी तिला म्हटलं, आधी त्यांची झोप कशानं उडते ते विचार. गावाकडची शेवटची एसटी किती वाजता सुटते, तिथून सुरुवात कर.